लदेणीचा दगड

हे मी बायकोला सांगितलेलं नाही. ज्या सरांनी हाताला धरून मला संशोधनात आणलं त्यांना तर नाहीच नाही. आणि जिला सांगणं सगळ्यात गरजेचं होतं ती आता दुसऱ्या जिल्ह्यात शिकवते, दर दिवाळीला फोन करते, आणि मी तिला म्हणतो, तब्येत सांभाळ. तुम्ही कोण, मला ठाऊक नाही. म्हणूनच जमेल कदाचित. बसा. थोडं लांबण लागेल — मुद्द्यावर लवकर येणारा माणूस मी नाही, हे माझे विद्यार्थीही सांगतील.

आधीच सांगून ठेवतो, मी थकलोय. अशा गोष्टींनी माणूस रडतो, त्याची झोप उडते म्हणतात. माझी झोप चांगली आहे. नुसता थकवा येतो. एक गोष्ट इतकी वर्षं लपवायची म्हणजे एकच पोतं रोज या खोलीतून त्या खोलीत नेऊन ठेवायचं. कुणी सांगितलं होतं? कुणीच नाही.

माझा विषय म्हणजे दगडांचं रसायन. आपला यवतमाळ जिल्हा बराचसा काळ्या दगडावर बसलेला आहे. लाव्हा थिजून झालेला बेसाल्ट. त्याचीच झिजून काळी माती झाली, आणि तिच्यात आपला कापूस. आता हा लाव्हा आला कुठून? तर खूप खाली प्रावरण म्हणून थर आहे, तो थोडाथोडा वितळून. तिथं उतरून पाहणार कोण? म्हणून वरचा दगड कुटायचा, त्याचं पीठ करायचं, त्यात मॅग्नेशियम किती, निकेल किती हे मोजायचं आणि खालचा अंदाज बांधायचा. बहुतेक लाव्हा वर येताना वाटेत रेंगाळतो, निवतो, त्यातलं जड ते खाली बसतं. आपल्या हाती लागतो तो असा उरलासुरला. पण क्वचित एखादा थेट वर येतो, वाटेत काही न गमावता. कापसाच्या भाषेत सांगायचं तर पहिल्या वेच्याचा. तसा दगड ज्याच्या भागात निघाला त्याचं आयुष्य मार्गी लागलं समजा.

मी मूळचा बंजारा तांड्यावरचा. फुलसावंगीच्या बाजूला, महागाव तालुक्यात. घरात गोरबोली, बाजारात वऱ्हाडी, आणि ही जी मी आता बोलतोय ती मराठी कॉलेजात गेल्यावर अंगावर चढवली. संशोधनासाठी भाग निवडायचा होता तेव्हा सरांनी माझाच भाग दिला. राहायला घर, जेवायला याडी — याडी म्हणजे आई — मग खर्चच नाही. उन्हाळाभर मी पाठीवर पिशवी अन् हातात हातोडा घेऊन नाल्यानाल्यांनी फिरायचो. तांड्यातले म्हातारे बाजेवर बसून विचारायचे, "काय गोटेमास्तर, किती गोटे येचले आज?" मीही हसायचो. हसण्यासारखंच होतं ते.

कापसाची ती वाईट वर्षं. तुम्ही या भागातले असाल तर वेगळं सांगायला नको, आणि नसाल तरी ऐकून असाल. अळीनं बोंडं खाल्लेली, फवारून फवारून माणसांचे हात सोललेले. गाड्या फार यायच्या तेव्हा. धूळ उडवत यायच्या, कॅमेरे, वह्या, पांढरे कपडे. वहीवाला माणूस दिसला की लोकांना पाठ झालं होतं — हा विचारणार, तुमच्या घरचं कोणी गेलं का. आणि ह्या सगळ्यात आमच्या तांड्याचा एकुलता एक शिकलेला माणूस नाल्यात बसून पृथ्वीच्या पोटात काय शिजतंय ते पाहून राह्यला होता. लाज वाटायची का? वाटायची. पण ती ह्या कबुलीतली लाज नव्हे. ती वेगळी, आणि तिच्याबद्दल बोलायला मला आवडतं, कारण ती सोपी आहे.

पाहा, पुन्हा भरकटलो.

दगडांच्या पिशव्या याडीनं शिवल्या होत्या. मांजरपाटाच्या, हातभर लांब, तोंडाला लाल दोरा. एकेका पिशवीवर मी शाईनं आकडा घालायचो आणि वहीत लिहायचो, अमुक आकड्याचा दगड अमुक ठिकाणचा. चाळीसेक पिशव्या झाल्या. उन्हाळा संपता संपता मी दोन दिवस यवतमाळला गेलो, फॉर्म भरायला. परत आलो, पोतं बांधलं, बसमध्ये टाकलं, गेलो. एवढंच. त्या दोन दिवसांत घरी काय झालं ते मला पुढे पाच महिन्यांनी कळलं.

तपासणीचे निकाल आले तेव्हा एकतिसाव्या दगडापाशी सर थांबले. बाकी सगळे आपले नेहमीचे, उरलेसुरले. एकतिसाव्यात मॅग्नेशियम दुपटीच्या वर, निकेल भरपूर, आणि भिंगाखाली पाहिलं तर हिरवे दाणेच दाणे. पहिल्या वेच्याचा. सर खुर्चीवरून उठून उभे राहिले. आमचे सर फार कमी उठायचे. "कुठला हा?" मी वही उघडली. तांड्याखालच्या नाल्याचं वळण. सर म्हणाले, अरे, तुझ्या घराखाली प्रावरणाचं दार उघडलंय. त्या एका वाक्यावर मी कितीतरी दिवस चाललो.

निबंध लिहिला, तो एका परिषदेत वाचला. लोकांनी येऊन हात मिळवले. इतक्या पूर्वेला असा दगड कुणाला मिळालेला नव्हता. माझी शिष्यवृत्ती संपायला आली होती, आणि एका कॉलेजात जागा निघणार होती, आणि त्या जागेवर सरांचा शब्द चालणार होता. हे सगळं एकतिसाव्या दगडावर उभं होतं. तेव्हा मी खोटं बोललो नव्हतो हो. तेव्हापर्यंत नाही.

मग दिवाळीला घरी आलो.

आमच्या दाराशी एक दगड होता. आहे अजून. मोठ्या भोपळ्याएवढा, काळा, अंगावर हिरवट झाक, वापरून वापरून गुळगुळीत झालेला. याडी त्यावर मिरच्या ठेचायची, आलेल्या पाहुण्याला त्यावर पाय धुवायला पाणी द्यायची. त्या दगडाची एक गोष्ट होती आणि याडी ती प्रत्येकाला सांगायची, मागितली नाही तरी. आमचे पूर्वज बैलांच्या पाठीवर मीठ, धान्य लादून मुलखामुलखांतून न्यायचे. त्या वाहतुकीला आम्ही लदेणी म्हणतो. बैलाच्या दोन्ही बाजूंच्या गोण्या सारख्या वजनाच्या लागतात, नाहीतर बैलाची पाठ जाते. एका बैलाची एक गोणी हलकी पडली म्हणून पलीकडं, गुजरातच्या अंगाला, मीठ भरतानाच कुणीतरी हा दगड उचलून तिच्यात टाकला. पासंग म्हणून. मीठ विकलं गेलं, दगड राहिला. पुढं लदेणी बंद पडली, तांडा इथं बसला, आणि बैलाच्या पाठीवरून शेवटची जी वस्तू खाली उतरली ती हा दगड. असं याडी सांगायची. लहानपणापासून शंभरदा ऐकलेली गोष्ट. दगडाचं शिकलो तेव्हा मी एकदाही त्याच्याकडे दगड म्हणून पाहिलं नाही. आता बोला.

त्या दिवाळीला पाय धुताना दिसलं, दगडाचा एक कोपरा फुटलेला. ताजा भंग. आणि भंगात हिरवे दाणे.

मी याडीला विचारलं. तिनं हसत हसत सांगितलं, काही लपवण्यासारखं होतं कुठं तिच्या लेखी? मी यवतमाळला गेलो तेव्हा पिशव्या चिखलानं बरबटलेल्या होत्या. पोरगा एवढ्या मोठ्या साहेबांपुढं अशा मळक्या पिशव्या नेणार? तिनं सगळ्या रिकाम्या केल्या, धुतल्या, वाळत घातल्या. आकडे तिला वाचता येत नव्हते, म्हणून पिशव्या अंगणात ओळीनं, आणि प्रत्येक पिशवीच्या पायाशी तिचा तिचा दगड. शाई धुऊन थोडी फिकी झाली होती, बस. पण संध्याकाळी भरायला बसली तर एक पिशवी बिनदगडाची. शेजारच्यानं खुंटा ठोकायला उचलला होता तो दगड आणि कुठं टाकला त्याला आठवेना. मग तिनं काय करावं? एक दगड कमी भरला तर पोराला रागावतील. तिनं कुऱ्हाड उलटी धरली आणि आपल्या दाराच्या दगडाचा कोपरा फोडून पिशवीत घातला.

"आच्छो दिनी," ती म्हणाली. चांगलाच दिला. साधासुधा नाही दिला.

बाकीच्या पिशव्यांचं मी नंतर गुपचूप एकेका ठिकाणी जाऊन ताडून पाहिलं. एकही चूक नव्हती. तो एक सोडला तर एका निरक्षर बाईनं सगळे दगड आपापल्या पिशव्यांत बिनचूक परत घातले होते. नाल्याच्या वळणावरचा दगडही मी पुन्हा आणून तपासला. नेहमीचाच निघाला. उरलासुरला.

म्हणजे मला माहीत होतं. हे नीट ऐका, कारण इथंच मी स्वतःला पळवाट काढून द्यायचो. सर ते वळण पाहायला तांड्यावर येणार होते, त्याला अजून महिना होता, आणि मला सगळं माहीत होतं. एक पोस्टकार्ड पुरलं असतं. सर, एकतिसावा दगड चुकीचा आहे, माझ्या आईकडून अदलाबदल झाली. सर हसलेसुद्धा असते. निबंध मागं घेतला असता, सहा महिने लांबलं असतं, जागा गेली असती. जागा गेली असती — हेच ते. रोज ठरवायचो, उद्या लिहितो. काहून नाही लिहिलं? भीती होती, दुसरं काय.

सर आले ते जीपमधून. वळण दाखवलं, मधल्या अवकाळी पावसानं नाला गाळानं भरलेला होता, दगड काही दिसेना. सर हिरमुसले. मला वाटलं, सुटलो. मग चहाला घरी आणलं.

जीप पाहून याडीला वाटलं, तेच आले, वहीवाले. सर ओट्यावर टेकतात न टेकतात तोच ती मराठीत म्हणाली, "आमच्या घरचं कोनी नाही गेलं, सायब. सगळे हाये." सरांना काही कळेना. मी सांगितलं, हे माझे गुरुजी. मग तिचा चेहरा खुलला. तिनं पाय धुवायला पाणी दिलं. आणि सरांनी खाली पाहिलं.

सर गुडघ्यावर बसले. खिशातून भिंग काढलं. मग वर पाहून त्यांनी याडीला अगदी हळू आवाजात विचारलं, "माउली, हा दगड कुठला?"

हे समजून घ्या. दाराशी पडलेला सुटा दगड काहीच सिद्ध करत नाही. तो इथलाच आहे, इथूनच निघालाय, असं सांगणारं कुणीतरी लागतं. सरांना तो साक्षीदार हवा होता, आणि साक्षीदार समोर बसलेली होती. तिनं खरी साक्ष दिली. ही गोष्ट तिला मराठीत सांगताच यायची नाही, म्हणून ती आपल्या बोलीत सुरू झाली, हातवारे करत, बैल कसा, गोण्या कशा. आणि दगडावर हात थोपटून म्हणाली, "ई लदेणीर भाटा छ." हा लदेणीचा दगड आहे.

सरांना एवढाच शब्द पकडता आला. माझ्याकडे वळून म्हणाले, "लादी म्हणतायत का? लादीचा दगड? म्हणजे थरातला, इथल्याच?"

मी म्हणालो, हो.

एक अक्षर. पुढची वाक्यं मग आपोआप आली. हो सर, लादी. घर बांधलं तेव्हा नाल्यातली लादी फोडून आणलेला. आई तेच सांगतेय. सरांनी वहीत लिहून घेतलं. दगडाचा फोटो काढला, शेजारी माझा हातोडा ठेवून. तो माझ्या प्रबंधात आहे, खाली लिहिलंय, नाल्याच्या वळणावरून काढलेला.

आणि याडी? तुम्हाला वाटेल तिला कुठं कळलं असणार. तिला मराठी बोलायला अडचण होती, ऐकायला नव्हती. चाळीस वर्षं बाजार केलेली बाई, लादी म्हणजे काय हे तिला माहीत नव्हतं? ती गोष्ट सांगता सांगता थांबली. माझ्याकडे पाहिलं. मी कपबश्या गोळा करू लागलो.

जीप गेल्यावर मी तिला म्हणालो, ह्या दगडाची गोष्ट आता कुणाला सांगत जाऊ नको. तिनं विचारलं, काहून? मी म्हणालो, माझी नोकरी जाईल. तिला मुळात वाटलं की दोष तिचा, दगड तिनं फोडला म्हणून. ती समजूत मी तशीच राहू दिली. हे दुसरं खोटं, आणि हे बोलावंही लागलं नाही.

पदवी मिळाली. जागा मिळाली. माणसं म्हणायची, तांड्यावरचं पोरगं कुठल्या कुठं गेलं.

आता वैशालीचं. ती माझी विद्यार्थिनी, राळेगावकडची, सायकलवरून कॉलेजला आलेली. माझा निबंध वाचून ती माझ्याकडे आली होती. म्हणाली, सर, मला तो थर शोधायचाय, तो कुठवर पसरलाय ते पाहायचंय. मी काय म्हणायला हवं होतं? दुसरा विषय घे, एवढं म्हटलं. काहून सर? मी सही केली.

तीन उन्हाळे ती त्या नाल्यांनी फिरली. एकदा उन्हानं चक्कर येऊन पडली, गुरं वळणाऱ्यानं उचलून आणली. दरवेळी नमुने यायचे, आणि दरवेळी नेहमीचे. ती माझ्यासमोर कागद घेऊन बसायची आणि म्हणायची, "माझंच काहीतरी चुकून राह्यलंय सर. तुम्हाले तर भेटला होता." मी तिला म्हणायचो, आणखी वर जाऊन पाहा. ऐकलंत? आणखी वर जाऊन पाहा, असं म्हणायचो मी.

शेवटच्या उन्हाळ्यात तिनं हट्ट धरला की फोटोतला दगड पाहायचाच. मी सोबत गेलो. याडी तेव्हा पुरी थकली होती, दिसायचंही कमी. वैशाली तिच्या पायाशी बसली, हात दगडावर ठेवला आणि म्हणाली, आजी, हा दगड कुठून आणला हो तुम्ही? खरं सांगतो, त्या क्षणी मला वाटलं याडीनं सांगून टाकावं. माझ्यात नाही ते तिनं करावं. म्हातारं माणूस, बोलून जाईल, आणि संपेल एकदाचं. इतका मी खाली आलो होतो.

याडीनं मान वळवली, मी जिकडं उभा होतो तिकडं. मग मराठीत, एकेक शब्द जुळवत, म्हणाली, "लादी हाये बाई ती. नाल्यातली. इथलीच."

वैशालीनं लिहून घेतलं. वाकून पाया पडली. मी बाजूलाच होतो.

तिनं प्रबंध पुरा केला नाही. टिपणात शेवटी एवढं लिहिलं की मूळ थर पुन्हा सापडला नाही, बहुधा गाळाखाली गेला असावा, शोधण्यात आपलीच कमतरता राहिली. आता ती कनिष्ठ महाविद्यालयात भूगोल शिकवते. याडी त्याच वर्षी गेली. जाईपर्यंत आम्ही दोघं ह्यावर एक शब्द बोललो नाही, ना गोरबोलीत, ना मराठीत.

परवा तांड्यावर गेलो होतो, घराची किल्ली शेजाऱ्यांकडे द्यायला. दगड तिथंच आहे, फुटका कोपराही आता झिजून गोल झालाय. शेजारच्या सुनेनं मला पाय धुवायला पाणी आणलं. मी सहज विचारलं, या दगडाचं काही ऐकलंय का गं? म्हणजे कुठून आला वगैरे. तिनं डोक्यावरचा पदर सारखा केला आणि म्हणाली, ऐकलंय की, तुमची याडी सगळ्यांना सांगायची. नाल्यातून काढलेली लादी आहे. आम्ही पहिल्यापासून इथलेच ना, मग दगडही इथलाच.

तांड्यात आता दुसरं कुणी काही सांगणारं नाही. मी पाय धुतले.